उजळणीच्या नावाखाली

बारावीच्या मुलांकडून इतिहासाची उजळणी मी अनेक वर्षं चुकीच्या पद्धतीनं करून घेतली. निकाल बरे लागत होते, त्यामुळे कुणी बोट ठेवलं नाही आणि मलाही शंका आली नाही. ज्या मुलांना त्याचा फटका बसला ती केव्हाच पुढे निघून गेली. त्यांना आता काही भरून देता येणार नाही. पण आमच्या कनिष्ठ महाविद्यालयासारखी कितीतरी महाविद्यालयं तालुक्यातालुक्यात आहेत आणि जानेवारी उजाडला की तिथे आजही तेच सुरू होतं. म्हणून हे सगळं मोकळेपणानं लिहिते आहे.

जानेवारीत पोर्शन संपतो आणि फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा तोंडावर येते. मधल्या दिवसांना आम्ही रिव्हिजन म्हणतो. माझ्या रिव्हिजनमध्ये मी पुस्तक उघडून धडा पुन्हा वाचायची, मुलं माझ्यामागोमाग ओळींखाली रेघा मारायची, ज्यांच्याकडे हायलायटर असेल ती पिवळं-गुलाबी रंगवायची. मग मी फळ्यावर ‘आयएमपी’ प्रश्न लिहायची आणि त्यांची उत्तरं सांगायची. मुलं ती वहीत उतरवून घरी जाऊन पाठ करायची. दुसऱ्या दिवशी पुढचा धडा. एका धड्याला एकदा हात लागला की तो परीक्षेपर्यंत परत निघायचा नाही. शेवटच्या आठवड्यात सनावळ्यांचा तक्ता भिंतीवर लागायचा आणि वर्गानं तो मोठ्यानं म्हणायचा. वर्ग गजबजलेला असायचा, सगळ्यांच्या माना खाली, पेनं चालू. मला वाटायचं, अभ्यास होतो आहे.

ही पद्धत मी कुठून शिकले? माझ्या स्वतःच्या विद्यार्थिदशेतून. मी अशीच शिकले होते आणि मला मार्क पडले होते. शिक्षकाच्या हातून ही चूक फार सहज होते. आपल्याला जे लागू पडलं ते सगळ्यांना लागू पडेल असं धरून चालायचं. माझ्या वेळी प्रश्न ठरावीक असत, उत्तरं ठरावीक असत, आणि माझं पाठांतर मुळात चांगलं होतं. मी पास झाले ते पद्धतीमुळे की पद्धत असूनही, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नाही.

बारावीचं इतिहासाचं नवं पाठ्यपुस्तक २०२० मध्ये आलं. युरोपातलं प्रबोधन, वसाहतवाद, मराठ्यांनी वसाहतवाद्यांशी दिलेली झुंज, समाजसुधारणा, महायुद्धं, निर्वसाहतीकरण, शीतयुद्ध, आणि शेवटी बदलता भारत. पट मोठा आहे. लेखी परीक्षा ८० गुणांची, अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचं. प्रश्नांचं स्वरूपही बदललं. संकल्पनाचित्र पूर्ण करा, चुकीची जोडी ओळखा, नकाशाचं निरीक्षण करून उत्तरं लिहा, विधान सकारण स्पष्ट करा, तुमचं मत नोंदवा. २०२१ ची लेखी परीक्षा कोविडमुळे झालीच नाही. त्यामुळे माझी पद्धत या नव्या प्रश्नांपुढे टिकते की नाही हे दिसायला २०२२ साल उजाडावं लागलं.

पेपर संपल्यावर मुलं गेटपाशी घोळक्यानं उभी राहतात. त्या वर्षी मी तिथेच होते. वर्गातली सर्वांत मेहनती मुलगी, जिची वही मी इतरांना झेरॉक्स काढायला द्यायची, ती गप्प उभी होती. मी विचारलं, “कसा गेला?” ती म्हणाली, “मॅडम, सगळं वाचलेलं होतं. वाचलेलं आहे हे आठवत होतं. पण काय वाचलं ते लिहायला गेलं की येत नव्हतं.” तिच्या या बोलण्यात माझ्या सगळ्या पद्धतीचा दोष होता. त्या दिवशी मात्र मी तिला, “घाबरली असशील, म्हणून झालं असेल,” असं सांगून वाटेला लावलं. मुलीच्या मनावर ढकलून मी मोकळी झाले. या लेखात ज्या चुका सांगते आहे त्यातली मला सर्वांत जास्त सलणारी हीच.

ती घाबरली नव्हती. तिला मजकूर ओळखीचा झाला होता, आठवत नव्हता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज एसटीनं तालुक्याला जाणाऱ्या माणसाला रस्ता ओळखीचा असतो, प्रत्येक थांबा दिसला की कळतो. पण त्यालाच गाडी चालवायला बसवलं तर फाट्यावर डावीकडे की उजवीकडे हे त्याला सांगता येत नाही. धडा पाचव्यांदा वाचताना प्रत्येक वाक्य ‘हे येतं मला’ असं वाटायला लावतं, कारण वाक्य समोर असतं. परीक्षेत समोर कोरी उत्तरपत्रिका असते. माझी मुलं महिनाभर एका गोष्टीचा सराव करत होती आणि परीक्षेत त्यांच्याकडून दुसऱ्याच गोष्टीची अपेक्षा होती.

पुढे एका प्रशिक्षणात हातात आलेल्या टिपणामुळे मी या विषयावर थोडं वाचलं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. कॉलेजच्या मुलांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता, आठवेल तेवढा कागदावर लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं घेतली तेव्हा चित्र उलटं झालं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६. हे आकडे वाचून मी बराच वेळ विचार करत राहिले. माझ्या वर्गात मी आज वाचून लगेच तोंडी विचारायची, मुलं सांगायची आणि मी खूश व्हायची. म्हणजे वर्षानुवर्षं मी पाच मिनिटांची चाचणी घेत होते आणि बोर्ड आठवड्यांनंतरची घेत होतं.

सनावळ्यांबद्दल मी केलेली चूक याहून खोल होती, आणि ती मला एका मुलीनं नकळत दाखवून दिली.

तैनाती फौजेचा भाग झाला होता. वर्गात मी विचारलं, वसईचा तह कधी झाला? हात वर आले. एका मुलीनं उभं राहून खणखणीत सांगितलं, “३१ डिसेंबर १८०२.” दिवसासकट. मी शाबासकी दिली. मग, का कोण जाणे, मी आणखी एक प्रश्न विचारला. पुण्याचा पेशवा तह करायला वसईला कशाला गेला होता? ती माझ्याकडे बघत राहिली. वर्गाकडे पाहिलं तर वर्गही गप्प. पेशवा पुण्याचा आणि तह वसईचा, यात काही विचारण्यासारखं आहे हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. कारण मी ते कधी त्यांच्या मनात येऊ दिलं नव्हतं. माझ्या तक्त्यावर डावीकडे साल आणि उजवीकडे तहाचं नाव एवढंच होतं.

त्या तासाला मी ठरवलेला भाग बाजूला ठेवला. फळ्याच्या उजव्या टोकाला ‘वसई, डिसेंबर १८०२’ लिहिलं आणि तिथून एकेक पाऊल मागे जायला सांगितलं. बाजीराव वसईला का? कारण तो पुणं सोडून पळाला होता आणि इंग्रजांच्या आश्रयाला गेला होता. का पळाला? कारण २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. होळकर पुण्यावर का चालून आले? कारण आदल्या वर्षी त्यांच्या भावाला, विठोजीला, बाजीरावानं पुण्यात हत्तीच्या पायी दिलं होतं. आणि त्याच्याही आधीपासून होळकरांच्या घरातल्या वारसाहक्काच्या भांडणात दौलतराव शिंदे हात घालत होते. मग ही भांडणं मिटवणारं कुणी नव्हतं का? इथे आल्यावर मी मुलांना सनावळ्यांचा तोच जुना तक्ता काढायला सांगितला. महादजी शिंदे गेले १७९४ मध्ये. अहिल्याबाई होळकर आणि सवाई माधवराव १७९५ मध्ये. तुकोजी होळकर १७९७ मध्ये. नाना फडणवीस १८०० मध्ये. सहा वर्षांत घरातली सगळी जाणती माणसं गेली होती, आणि त्याच काळात, १७९८ मध्ये, वेलस्ली गव्हर्नर-जनरल म्हणून आला होता आणि निजामानं तैनाती फौज स्वीकारलीही होती.

मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो सहसा तोंड उघडत नसे, तो म्हणाला, “मॅडम, म्हणजे नाना असते तर वसई झालीच नसती?” मी त्याला उत्तर दिलं नाही. वर्गालाच विचारलं. तास संपल्याची घंटा झाली तरी वाद चालू होता. कुणी म्हणालं नाना असते तरी बाजीरावाशी त्यांचं कुठे पटत होतं. कुणी म्हणालं वेलस्ली आज ना उद्या काहीतरी करून आत शिरलाच असता. दोन्ही बाजूंना पुरावा होता आणि तो मुलांच्या तोंडून येत होता. तीच सालं होती, तोच तक्ता होता. पूर्वी ती सालं सुटी पाठ व्हायची आणि सुटीच विसरली जायची. आता १७९४ आठवलं की पुढचं ओढीनं यायला लागलं.

म्हणून सालं पाठ करू नका असं मी म्हणत नाही. काही सहकारी हल्ली तसं सांगतात, ते मला पटत नाही. क्रम कळल्याशिवाय कारण कळत नाही आणि क्रमासाठी सालं लागतातच. नाना १८०० मध्ये गेले आणि वसई १८०२ मध्ये झाली हे ज्याला माहीत नाही त्याला त्या मुलाचा प्रश्न सुचणारच नाही. माझी चूक अशी की मी सालं दिली आणि त्यांच्यामधला ‘का’ काढून घेतला.

आता उत्तरं सांगण्याबद्दल. यात मी एकटी नाही, पण माझ्यापुरतं बोलते. मी प्रत्येक महत्त्वाच्या प्रश्नाचं उत्तर लिहून द्यायची. नीटनेटकं, प्रस्तावना-मुद्दे-समारोप असं. पूर्वपरीक्षेचे पेपर तपासताना मला एकाच वर्गातल्या मुलांच्या उत्तरपत्रिकांत माझीच वाक्यं सापडायची. एकदा १८५७ चा उठाव अयशस्वी का झाला असं मी विचारलं होतं. अर्ध्याहून अधिक मुलांनी उठावाची कारणं लिहिली होती, पुरवण्या लावून लिहिली होती. राजकीय, आर्थिक, सामाजिक, लष्करी, तात्कालिक कारण काडतुसं, सगळं शिस्तीत. प्रश्न वाचला होता फक्त ‘१८५७’ या आकड्यापुरता. मी लाल पेनानं ‘प्रश्न नीट वाचा’ असं प्रत्येकाच्या पेपरवर लिहीत गेले. लिहिता लिहिता मला उमगलं की प्रश्न वाचण्याची सवय मीच त्यांना लागू दिली नव्हती. प्रश्नही मीच ठरवायचा आणि उत्तरही मीच द्यायचं, तर वाचायचं कशाला? उत्तराच्या पहिल्या शब्दावर बोट ठेवून पुढचं गडगडा म्हणायचं, एवढंच त्यांचं काम उरलं होतं.

‘तुमचे मत नोंदवा’ या प्रश्नात तर याचा कळस झाला. मी मतंसुद्धा लिहून दिली! हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणावर मी एक मत सांगितलं होतं आणि चाळीस मुलांनी ते ‘माझ्या मते’ अशी सुरुवात करून लिहिलं. त्यांतल्या एका मुलीच्या आईचं माहेर उमरग्याकडचं. म्हणजे निजामाच्या राज्यातलं गाव. पेपर देताना मी तिला विचारलं, घरी कुणी रझाकारांबद्दल काही बोलतं का? म्हणाली, “आजी सांगते ना. रात्री गावातली बायामाणसं शेतात जाऊन लपायची.” मग ते का नाही लिहिलंस? “पुस्तकात नाही, मॅडम. तुम्ही सांगितलेल्यातही नव्हतं.”

त्यानंतर मी हैदराबादचं उत्तर सांगणं बंद केलं. आता मी फक्त विधान देते, ‘हैदराबादचे विलीनीकरण केवळ लष्करी कारवाईमुळे झाले’. पुस्तकं दप्तरात जातात. मुलांना कोऱ्या कागदावर दोन रकाने करायचे असतात; विधानाच्या बाजूचं एका रकान्यात, विरुद्ध दुसऱ्यात. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ ला निजाम शरण आला, हे पहिल्या रकान्यात लगेच येतं. दुसऱ्या रकान्यासाठी डोकं खाजवावं लागतं. १९३८ चा स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह, स्वामी रामानंद तीर्थांचं नेतृत्व, सरहद्दीवरचे कॅम्प, गावोगावचे लोक, नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार आणि तो मोडला जाणं. आजीनं सांगितलेलंही तिथे येतं, फक्त ‘आजीनं सांगितलं’ असं लिहून. मग मी विचारते, जुनागडला काय झालं? तिथे फेब्रुवारी १९४८ मध्ये सार्वमत झालं. गोव्यात? तिथे १९६१ चा डिसेंबर उजाडला आणि सैन्य पाठवावं लागलं. तिघांना शेजारी ठेवलं की मुलं आपोआप बोलू लागतात: राजा कोण, प्रजेत चळवळ किती, बाहेरची सत्ता कोण. हे झाल्यावर पुस्तक उघडायचं, काय राहिलं ते वेगळ्या शाईनं भरायचं, आणि मग उत्तर लिहायचं.

कोऱ्या कागदाची ही पद्धत मी सुरू केली तेव्हाही चुका केल्याच. पहिली चूक, मी त्या कागदांना मार्क दिले. लगेच मुलं शेजारच्याच्या कागदात डोकवायला लागली, काहींनी हाताच्या तळव्यावर सालं लिहून आणली. आठवायचा सराव राहिला बाजूला, ती एक नवी परीक्षा झाली. मार्क काढून टाकले, कागद गोळा करणंही थांबवलं, तेव्हा ते सुधारलं. आता कागद ज्याचा त्याच्याकडे राहतो. दुसरी चूक जास्त गंभीर होती. मी सुरुवातीला आठवून लिहायला सांगायची पण पुस्तकाशी ताडून बघायला वेळच ठेवत नव्हते. पाच मिनिटं लिहा, चला पुढे. एका मुलाच्या कागदावर मला अनेक आठवडे एकच घोटाळा दिसत होता आणि मी तो पाहूनही सोडून दिला होता. तो पुरंदरच्या तहाबद्दल लिहायचा की पुणे दरबारानं इंग्रजांना २३ किल्ले दिले. तेवीस किल्ले दिले ते शिवाजी महाराजांनी, मिर्झाराजे जयसिंगाला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात. पुणे दरबार आणि इंग्रज यांच्यातला पुरंदरचा तह १७७६ चा. नाव एक, डोंगर एक, मधे एकशे अकरा वर्षं. त्यानं दर वेळी तेच चुकीचं आठवलं आणि दर वेळी ते अधिक पक्कं झालं. पूर्वपरीक्षेत चुकीची जोडी ओळखा या प्रश्नात त्याला ती जोडी बरोबर वाटली. आठवण्यानं बरोबर गोष्ट पक्की होते तशी चुकीचीही होते, हे मला त्या मुलाच्या नुकसानीतून कळलं. तेव्हापासून लिहायला जेवढा वेळ तेवढाच ताडायला, हा नियम मी मोडत नाही. आणि असे जुळे तह, जुळी नावं मुद्दाम एकाच दिवशी समोरासमोर ठेवते: दोन पुरंदर, दोन बाजीराव, दोन माधवराव. धडा-धडा वेगळा ठेवून उजळणी केली की हे घोटाळे झाकलेले राहतात आणि परीक्षेच्या हॉलमध्ये उघडे पडतात.

आणखी एक. मी विचारायची ते प्रश्न सुरुवातीला सगळे एका शब्दाचे होते. कोण, कुठे, कधी. मुलं त्यात पटाईत झाली आणि सविस्तर उत्तरात तशीच अडखळली. ज्याचा सराव करावा तेच येतं. आता निम्मे प्रश्न तरी ‘का’ आणि ‘त्यामुळे काय झालं’ असे असतात.

घरून तक्रारी आल्या. एक वडील शेतातून थेट कॉलेजात आले, म्हणाले, “मॅडम, पोरगी पुस्तक मिटून भिंतीकडं बघत बसती. विचारलं तर म्हणती अभ्यास करतीय. तुम्ही सांगितलंय म्हणे.” त्यांचं चुकलं नव्हतं. अभ्यास म्हणजे पुढ्यात उघडं पुस्तक आणि हलणारे ओठ, हे आम्हीच त्यांच्या पिढीला शिकवलं होतं. मी त्यांना बसवलं, मुलीला बोलावलं आणि तिला सांगितलं, वसईचा तह का झाला ते वडिलांना सांग. तिनं महादजींपासून सुरुवात केली आणि न अडखळता हडपसरपर्यंत आली. वडिलांनी मधेच विचारलं, “हडपसर म्हंजे आपल्या पुण्याचंच का?” तिनं हो म्हणून पुढचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चहा घेऊन गेले. पुन्हा तक्रार आली नाही.

मुलांचीही कुरकुर होती आणि ती खरी होती. कोरा कागद पुढे आला की आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. पुस्तक वाचताना असं वाटत नाही. अभ्यासू मुलांना हे जास्त लागतं, कारण त्यांना येत नाही हे दिसण्याची सवय नसते. एका मुलीला रडू आलं होतं. मी आता पहिल्याच दिवशी सांगून ठेवते की पहिले काही आठवडे कागद बराचसा कोरा राहील आणि तो कोरा राहिलेला भाग म्हणजेच तुमच्या अभ्यासाची यादी. जे आलं ते पुन्हा वाचण्यात वेळ घालवायचा नाही.

वेळेच्या वाटणीतही मी चुकत होते. सगळी उजळणी जानेवारीत कोंबायची आणि जून-जुलैत शिकवलेल्या प्रबोधनाला, वसाहतवादाला तोवर स्पर्श करायचा नाही. हर्मन एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकानं १८८५ मध्ये, स्वतःवरच प्रयोग करून, दाखवून दिलं होतं की एका बैठकीत केलेल्या घोकंपट्टीपेक्षा दिवसांवर वाटलेली उजळणी कमी कष्टात जास्त टिकते. इतकी जुनी गोष्ट माझ्यापर्यंत यायला एवढी वर्षं लागली. आता तासाची पहिली दहा मिनिटं मागच्या कुठल्यातरी धड्याची असतात, आजच्या धड्याची नाहीत. शीतयुद्ध शिकवायच्या आधी मी निर्वसाहतीकरणावर विचारते, समाजसुधारणांच्या आधी प्रबोधनावर. धडे एकमेकांना जोडले जातात हा त्यातला वरचा फायदा. दहा मिनिटं गेली तर पोर्शन मागे पडेल ही माझी भीती खोटी ठरली. जानेवारीत जे पुन्हा शिकवावं लागायचं तेवढं आता लागत नाही.

नकाशाबद्दल थोडंच सांगते. उजळणीत मी तो कधी उघडलाच नव्हता, मुलांना फक्त प्रश्नपत्रिकेत भेटायचा. आता वर्गात भिंतीवर भारताचा आणि जगाचा कोरा नकाशा कायम लावलेला आहे आणि तहाचं, लढाईचं नाव निघालं की कुणीतरी उठून जागा दाखवायची. आणि तीन तास बसून पूर्ण पेपर लिहायचा सराव परीक्षेआधी किमान दोनदा तरी व्हायला हवा. बोटं दुखतात, वेळ कुठे जातो ते कळतं, आणि सविस्तर उत्तराला किती मिनिटं ठेवायची याचा अंदाज घड्याळ लावल्याशिवाय येत नाही.

या सगळ्यानं निकालात किती फरक पडला याचा हिशेब मी इथे मांडणार नाही. दर वर्षीची मुलं वेगळी, पेपर वेगळा. एवढं मात्र खात्रीनं सांगते की आता पेपर झाल्यावर गेटपाशी ‘वाचलं होतं पण आठवलं नाही’ हे वाक्य मला क्वचित ऐकू येतं. जास्त ऐकू येतं ते ‘मत मांडताना मुद्दे जास्त झाले, जागा पुरली नाही’.

इतिहास शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एवढीच विनंती आहे. या वर्षीची उजळणी जानेवारीवर ठेवू नका. उद्याच्या तासाला वर्गात गेलात की पुस्तकं दप्तरात ठेवायला सांगा, दोन महिन्यांपूर्वी शिकवलेल्या धड्यावर एक ‘का’ विचारा, आणि उत्तर येईपर्यंत स्वतः बोलू नका. मुलांनी लिहिलेलं त्यांनाच पुस्तकाशी ताडू द्या. आणि बारावीत शिकणारं मूल ज्यांच्या घरात आहे त्या आईवडिलांनी, मूल पुस्तक मिटून बसलेलं दिसलं, तर रागावण्याआधी त्याच्याजवळ बसून विचारावं की आत्ता काय आठवतो आहेस, आणि ते सांगेल ते पूर्ण ऐकून घ्यावं.